किती चालता येतं?

"मणक्यात गॅप आलाय."

हे वाक्य कधी ऐकलं नाही असं मराठी घर मिळणं कठीण आहे. आत्याच्या मणक्यात गॅप असतो, खालच्या मजल्यावरच्या काकांच्या मणक्यात गॅप असतो, आणि हल्ली तर आमच्या टीममधल्या सव्वीस वर्षांच्या टेस्टरच्या मणक्यातही गॅप आहे म्हणे. हा गॅप नक्की कुठे आहे, कशामुळे आला, वाढतोय की कमी होतोय, असं विचारलं तर मात्र कुणालाच सांगता येत नाही. बऱ्याचदा दोन मणक्यांमधली गादी झिजून बसलेली असते, म्हणजे खरं तर तिथला गॅप कमी झालेला असतो! पण असो. शब्द चुकला तरी त्यातून सगळ्यांना समजायचं ते समजतं. आता वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कमरेला पट्टा लावायचा, आणि कुणी 'ऑपरेशन' म्हणालंच तर तिथून पळ काढायचा.

या एका शब्दाच्या पोत्यात आपण पाच-सहा वेगवेगळी दुखणी कोंबून ठेवली आहेत. त्यातल्या एकाबद्दल आज लिहायचंय. त्याचं नाव स्पायनल स्टेनोसिस, म्हणजे कण्यातून नसा जातात ती वाट अरुंद होणं. हे दुखणं मुख्यतः साठीच्या आसपास आणि पुढे होतं. अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या लोकांच्या पाठीच्या ऑपरेशनांचं हे सर्वात मोठं कारण आहे. आपण विशी-तिशीतले लोक. त्यामुळे हे दुखणं आपल्याला नाही, आपल्या आईवडिलांना होणार. आणि त्याचे रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आपल्याकडे येणार, कारण घरात 'इंटरनेटवर बघून सांग जरा' हे खातं आपल्याकडे असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या आजारात निर्णय एमआरआयचा रिपोर्ट वाचून घेऊ नये. तो माणूस किती चालू शकतो आणि दुखण्यापायी त्याने काय काय सोडून दिलंय, हे बघून घ्यावा. ऐकायला अगदी साधं वाटतं. पण मी आजूबाजूला बघतो तर बरोबर उलटं चाललेलं दिसतं. काहीजण रिपोर्टमधले शब्द वाचून घाबरतात आणि आठवडाभरात ऑपरेशनची तारीख घेतात. बाकीचे 'वय झालं' म्हणत दुखणं अंगावर काढतात आणि हळूहळू घरात बसतात. 'तुम्हाला किती चालता येतं?' हा प्रश्न दोन्हीकडे कुणी विचारलेला नसतो.

(मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरतो. बाबांच्या दुखण्याच्या निमित्ताने गेलं वर्षभर जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि वहीत मांडलं, ते इथे लिहितोय. याला सल्ला समजू नका, फार तर डॉक्टरांकडे जाण्याआधीची तयारी समजा.)

आधी आत काय होतं ते बघू. पाठीचा कणा म्हणजे एकावर एक ठेवलेले मणके. प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूला एक भोक असतं, आणि ती भोकं एकाखाली एक आली की एक नळी तयार होते. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू या नळीतून खाली येतो. तो अगदी माकडहाडापर्यंत जातो असा आपला समज असतो, पण मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली नळीत सुट्या नसांचा झुपका असतो. पायांकडे, लघवीच्या पिशवीकडे आणि शौचाच्या जागेकडे जाणाऱ्या नसा त्या झुपक्यात असतात.

वय वाढतं तशी पुढची गादी चपटी होऊन मागे फुगते. मणक्यांना मागच्या बाजूने जोडणारे छोटे सांधे झिजतात आणि झिजलेल्या सांध्यांचं होतं तसे जाडजूड होतात. आतल्या बाजूचा एक पिवळा स्नायुबंध असतो, तोही जाड होतो. काहीजणांत वरचा मणका खालच्यावरून किंचित पुढे सरकतो. असं तिन्ही-चारही बाजूंनी अतिक्रमण होत गेलं की मधली वाट अरुंद होते. आपल्या पेठेतल्या गल्लीसारखंच. रस्ता तेवढाच, पण एका बाजूने टपरी पुढे आली, दुसरीकडून ओटा वाढला, मध्ये दोन स्कूटर लागल्या!

काही लोकांची ही नळी मुळातच अरुंद असते. हेंक व्हर्बीस्ट नावाच्या डच न्यूरोसर्जनने १९५४ साली असे सात रुग्ण तपशीलवार मांडले. पडून राहिलं की त्यांना काही त्रास नसे, उभं राहिलं आणि चाललं की पाय दुखायचे, बधिर व्हायचे. नळी मोकळी केल्यावर ते बरे झाले. आजाराची ओळख अशी चालण्या-थांबण्यावरूनच पटली. एमआरआय तेव्हा नव्हताच.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही नळी दिवसभर एकाच मापाची नसते. आपण ताठ उभे राहिलो किंवा मागे वाकलो की ती आणखी अरुंद होते. पुढे वाकलो किंवा बसलो की थोडी मोकळी होते. या आजाराची जवळजवळ सगळी लक्षणं या एका वाक्यातून निघतात.

माणूस चालायला लागतो. पाच-दहा मिनिटांत पोटऱ्या, मांड्या, कुल्ले भरून येतात, पाय जड होतात, मुंग्या येतात, 'पाय आपले नाहीतच' असं वाटतं. तो बसतो किंवा पुढे वाकतो. दोन-चार मिनिटांत बरं वाटतं आणि तो पुन्हा चालायला लागतो. सुपरमार्केटमध्ये ट्रॉलीवर रेलून हाच माणूस अर्धा तास फिरू शकतो, कारण ट्रॉली ढकलताना तो पुढे वाकलेला असतो. डॉक्टर लोक या खुणेला ट्रॉलीवरूनच ओळखतात. सायकल चालवायला त्रास नाही, पण चालायला आहे. पर्वती चढताना तितकं जाणवत नाही, उतरताना मात्र पाय बोलायला लागतात, कारण चढताना आपण पुढे झुकतो आणि उतरताना मागे. ओट्याशी ताठ उभं राहून पोळ्या लाटणं नको होतं, पण खाली बसून भाजी निवडायला काही वाटत नाही.

बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. माणूस बसलेला असताना ठणठणीत असतो. त्याला फक्त काही नव्या सवयी लागतात. "तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागनं" म्हणणं. दुकानात गेल्याबरोबर स्टूल शोधणं. रस्त्यावरची कुठली पायरी बसण्याजोगी आहे, कुठल्या देवळाचा कट्टा सावलीत आहे, हे पाठ असणं. चालता चालता मध्येच थांबून, गुडघ्यावर हात ठेवून, बुटाची लेस बांधल्यासारखं करणं.

आणि मग एकेक गोष्ट सुटत जाते. आमच्या बाबांची मंडई सुटली. आमच्या घरापासून मंडई सव्वा किलोमीटर. बँकेतून निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी पिशवी घेऊन चालत जाणं आणि दोनदा भाव करून भाजी आणणं हा त्यांचा कार्यक्रम. तो बंद झाला तेव्हा कारण काय सांगितलं? "हल्ली अॅपवरची भाजी चांगली असते." मग मित्रांबरोबरचं सकाळचं फिरणं सुटलं. कारण, "ते फार राजकारणावर बोलतात." मग एका लग्नाला जायचं टाळलं, कारण पार्किंग लांब होतं. प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. ती कारणं एकाखाली एक लिहिली तेव्हा लक्षात आलं की त्या सगळ्यांत एकच समान धागा आहे, चालणं.

एमआरआय झाला. रिपोर्ट वाचून कुणाचीही छाती दडपेल असा. चार पातळ्यांवर गाद्या झिजलेल्या, दोन ठिकाणी फुगलेल्या, चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये वाट 'सिव्हिअर' अरुंद. एका मोठ्या हॉस्पिटलात तो दाखवला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, बाबांकडे एकदा बघितलं आणि सांगितलं की दोन ठिकाणी मणके स्क्रूने जोडून टाकू, पुढच्या आठवड्यात या. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. किती चालता, कधी थांबता, बसल्यावर बरं वाटतं का, काही नाही. पायातल्या नाड्यासुद्धा बघितल्या नाहीत.

दुसरे सर्जन वयाने मोठे होते. फिल्म पाकिटातून काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "काका, किती चालता येतं?" बाबा म्हणाले, "चालतो की." डॉक्टर हसले आणि म्हणाले, "दारातून निघाल्यावर पहिल्यांदा कुठे बसता?" बाबा गप्प. मग हळूच म्हणाले, "दूध डेअरीच्या पायरीवर." आमच्या दारापासून दूध डेअरी साधारण तीनशे मीटर.

त्या एका उत्तरात जी माहिती होती ती चार पानी रिपोर्टमध्ये नव्हती.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाहीये, आकड्यांवरून बोलतोय. १९९० साली बोडेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. कंबर, पाय काहीही दुखत नाही अशा ६७ लोकांचे एमआरआय काढले. साठीच्या पुढच्यांपैकी २१ टक्के लोकांत स्टेनोसिस सापडला आणि ३६ टक्के लोकांत गादी सरकलेली. त्रास काहीच नाही, आणि रिपोर्ट मात्र भरलेला! पुढे २०१५ मध्ये ब्रिंजिक्जी आणि सहकाऱ्यांनी अशा ३३ अभ्यासांची, ३११० निरोगी लोकांची माहिती एकत्र केली. गाद्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत होती आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. म्हणजे हे वाचणाऱ्या तुमच्या-माझ्यापैकीही कित्येकांचा एमआरआय काढला तर त्यात 'डिजनरेशन' हा शब्द निघेल. (आमच्या टेस्टरने जरा शांत व्हायला हरकत नाही.)

आपल्या धंद्यातली गोष्ट घ्या. जुन्या कोडवर स्टॅटिक अॅनालिसिस चालवलं की शेकडो वॉर्निंग येतात. म्हणून कुणी ते मॉड्यूल नव्याने लिहायला घेत नाही. आपण आधी विचारतो, युजरला त्रास काय होतोय? मग त्या शेकड्यातली कुठली वॉर्निंग त्या त्रासाशी जुळते ते बघतो. एमआरआयचं तसंच आहे. शिवाय तो साधारणपणे पाठीवर पडून काढतात आणि या आजाराचा त्रास होतो उभं राहून चालताना. ज्या परिस्थितीत बग येतो त्या परिस्थितीत फोटो काढलेलाच नाही! त्यामुळे रिपोर्टमध्ये 'सिव्हिअर' असलेला माणूस सिंहगड चढू शकतो आणि 'मॉडरेट' असलेला बसस्टॉपपर्यंत पोचू शकत नाही. एमआरआय लागतोच, ऑपरेशन करायचं तर कुठे करायचं ते त्यावरूनच ठरतं. पण करायचं का, हे त्यावरून ठरत नाही.

चालताना पाय दुखण्याची दुसरी कारणंही तपासावी लागतात. तंबाखू, मधुमेह असलेल्यांच्या पायातल्या रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि चालताना पोटऱ्या भरून येतात. फरक असा की तो माणूस नुसता उभा राहिला तरी त्याला बरं वाटतं, बसावं किंवा वाकावं लागत नाही. आणि सायकलवरही त्याला त्रास होतो. मधुमेहात किंवा बी-१२ कमी असल्यावर पायाला मुंग्या येतात, पण त्या बसल्यावर जातीलच असं नाही. खुब्याचा सांधा झिजला तरी दुखणं मांडीत येतं. नाडी बघणं, खुबा फिरवून बघणं, एक रक्ततपासणी... यांना एमआरआयपेक्षा कितीतरी कमी पैसे पडतात.

आता उपचार. इथे लोकांचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो लवकर कापून टाका, नाहीतर पाय जातील. दुसरा म्हणतो मणक्याला हात लावलात तर पाय जातील. दोघांनाही पायांची फार काळजी! उपलब्ध माहिती मात्र दोघांच्याही बाजूची नाही.

कमरेचा स्टेनोसिस सहसा झपाट्याने वाढत नाही. स्वीडनमधल्या योन्सन यांनी १९९२ साली ऑपरेशन न केलेल्या ३२ रुग्णांची माहिती मांडली. सरासरी चार वर्षांनी त्यातले ७० टक्के होते तसेच होते, १५ टक्के सुधारले, १५ टक्के बिघडले. अभ्यास छोटा आहे, पण घाई नाही एवढं नक्की सांगतो. त्यामुळे 'आज निर्णय घ्या' म्हणणाऱ्याला कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

व्यायामाचं काय? २०१५ मध्ये पिट्सबर्गच्या डेलिटो यांचा अभ्यास आला. ऑपरेशनला तयार असलेले १६९ रुग्ण. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाला ऑपरेशन, दुसऱ्याला फिजिओथेरपी. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या हालचालीत फरक दिसला नाही. पण पुढचं वाचल्याशिवाय टाळ्या वाजवू नका. फिजिओथेरपीच्या गटातल्या ५७ टक्के लोकांनी मध्येच ऑपरेशन करून घेतलं. २००८ मध्ये आलेल्या 'स्पोर्ट' नावाच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासातही असंच झालं. विना-ऑपरेशन गटातल्या ४३ टक्के लोकांनी दोन वर्षांत ऑपरेशन केलं, आणि ऑपरेशनच्या गटातल्या ६७ टक्के लोकांनीच ते प्रत्यक्षात केलं. लोक कागदावर ठरलेल्या गटात राहिले नाहीत! ज्यांनी खरोखर ऑपरेशन केलं त्यांना तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत जास्त आराम होता. या दोन्हींचा अर्थ मी असा लावतो: व्यायाम मनापासून करून बघण्यात काही जात नाही, बऱ्याच लोकांचं त्यावर भागतं, आणि ज्यांचं भागत नाही त्यांना ऑपरेशनचा चांगला उपयोग होऊ शकतो.

इंजेक्शनबद्दल फार आशा ठेवू नये असं दिसतं. २०१४ मध्ये ४०० रुग्णांवरचा एक अभ्यास आला. अर्ध्यांना पाठीत स्टेरॉइड आणि भूल देणारं औषध, अर्ध्यांना नुसतं भूल देणारं औषध. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक नगण्य होता.

आणि स्क्रू? साध्या ऑपरेशनमध्ये नळीवरचं हाड आणि जाड झालेला स्नायुबंध काढून वाट मोकळी करतात. त्याला जोडून मणके स्क्रू-सळ्यांनी पक्के करायचे का, हा वेगळा प्रश्न आहे. २०१६ मध्ये स्वीडनमधल्या २४७ रुग्णांवरच्या अभ्यासात जोडकाम केलेल्यांना नुसती वाट मोकळी केलेल्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. ऑपरेशन मात्र जास्त वेळ चाललं, रक्त जास्त गेलं आणि खर्च वाढला. २०२१ मध्ये नॉर्वेत, मणका सरकलेल्या २६७ रुग्णांमध्येही नुसतं मोकळं करणं कमी पडलं नाही. २०१६ च्याच एका छोट्या अमेरिकन अभ्यासात मात्र, मणका सरकलेल्या ६६ रुग्णांमध्ये, जोडकामाचा थोडा फायदा दिसला होता. म्हणजे मणका हलता असेल, पाठ वाकडी असेल, तर स्क्रू लागू शकतात. पण 'स्टेनोसिस म्हणजे स्क्रू' हे समीकरण नाही. "माझ्या बाबतीत नुसतं मोकळं करून का भागणार नाही?" हा प्रश्न प्रत्येक रुग्णाने विचारावा. चांगला सर्जन रागावत नाही, फिल्म दाखवून कारण सांगतो.

बाबांनी व्यायाम निवडला. पोटाचे आणि कमरेचे स्नायू बळकट करणं, गुडघे छातीशी घेणं, घरातली सायकल, आणि रोज एकदा चालणं. वहीत रोज दोनच गोष्टी: किती अंतरावर बसावं लागलं, आणि किती मिनिटांत पुन्हा उठता आलं. पहिले पाच आठवडे आकडा ढिम्म हलला नाही. साडेतीन महिन्यांनी तो सातशे मीटरवर गेला आणि गेले काही महिने तिथेच आहे. सातशे मीटर म्हणजे मंडई नाही. पण मध्ये एकदा देवळाच्या कट्ट्यावर बसलं की मंडई होते, आणि बाबांना तेवढं चालतंय. रिपोर्ट आजही 'सिव्हिअर'च आहे.

आता यातून कुणी 'ऑपरेशन टाळावं' असा निष्कर्ष काढू नये म्हणून दुसरं उदाहरण. माझ्या एका सहकाऱ्याची आई, वय ६८. तिने सहा वर्षं दुखणं अंगावर काढलं. शेवटी शेवटी घरातल्या घरात स्वयंपाकघर ते गॅलरी, एवढंच चालणं उरलं होतं. व्यायाम झाला, औषधं झाली, तेल झालं, काढा झाला. नातेवाईक एकच सांगत होते, मणक्याला हात लावू देऊ नका. चालणं इतकं आक्रसलं होतं की वजन वाढलं, साखर वाढली, आणि कुठे जायचंच नाही म्हणून बोलणंही कमी झालं. मग ऑपरेशन झालं, स्क्रूशिवाय. दोन महिन्यांनी ती सोसायटीला फेरी मारायला लागली. कंबर अजून दुखते. हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की हे ऑपरेशन पायांसाठी असतं, कमरेच्या दुखण्याची खात्री नाही. पण तिला विचारलं तर ती म्हणते, "चार वर्षं आधी का नाही केलं?" घाईने केलेलं ऑपरेशन चूक, तसं भीतीने टाळलेलंही चूकच. दोन्ही घरांत मोजायला हवा होता तो आकडा एकच.

काही बाबतींत मात्र मोजत बसायचं नाही. जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, पायातली ताकद भराभर कमी होऊन पाऊल लोंबायला लागलं, चप्पल पायातून निसटायला लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. उद्याची अपॉइंटमेंट चालत नाही.

आणि स्टेनोसिस मानेत असेल तर वरचे सगळे हिशेब बदलतात. तिथे नळीत सुट्या नसा नसतात, खुद्द मज्जारज्जू असतो. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, कुलपात किल्ली नीट जात नाही, सही बदलते, चालताना तोल जातो. मान दुखतेच असं नाही. हे म्हातारपण म्हणून सोडून देतात आणि तिथेच घात होतो, कारण मज्जारज्जूचं गेलेलं काम पूर्ण परत येईलच असं नसतं. मानेच्या बाबतीत वाट बघणं धोक्याचं. तपासणी लवकर व्हायला हवी.

जाता जाता आपल्या क्षेत्राबद्दल एक कडू गोष्ट. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील असतात आणि नोकरी बदलली की ते कवच जातं. स्वतःची पॉलिसी घ्यावी तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वाट बघावी लागू शकते. त्यामुळे "मी मार्चमध्ये स्विच करतोय, त्याआधी बाबांचं पाठीचं उरकून घेऊ" ही वाक्यं मी कॅन्टीनमध्ये कानांनी ऐकली आहेत. बोलणाऱ्याचं प्रेम खोटं नसतं, पैशाची भीतीही खोटी नसते. पण मग ऑपरेशनची तारीख आपल्या नोटीस पिरियडवरून ठरते, बाबांच्या पायांवरून ठरत नाही. आईवडिलांची वेगळी पॉलिसी ते धडधाकट असतानाच काढून ठेवणं हा त्यावरचा इलाज आहे. हप्ता जास्त बसतो, मान्य. पण निर्णय त्यांच्या हातात राहतो.

तर या शनिवारी-रविवारी एक काम करा. आईला किंवा बाबांना घेऊन चालत बाहेर पडा. गाडी काढू नका. त्यांच्या वेगाने चाला, पुढे जाऊ नका. ते कुठे थांबतात, बसतात की नुसते उभे राहतात, किती वेळाने पुन्हा निघतात, एवढंच बघा. "दुखतंय का?" असं विचारू नका, आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय 'काही नाही' म्हणायची आहे. "पूर्वी कुठवर जायचात?" असं विचारा. त्याचं उत्तर ते देतील, बहुधा लांबलचक देतील. ते ऐका, तारीख घालून लिहून ठेवा, आणि डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टच्या पाकिटाबरोबर तो कागदही न्या. त्यांनी तो आधी वाचला तर डॉक्टर चांगले आहेत असं समजायला हरकत नाही.